लोण्याच्या कप्प्यातली चार पेनं

१

मंगळवारी दुपारी, तीनच्या चहाला, योलांदाचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला आणि माझ्यासमोर, माझ्याच स्वयंपाकघरात, तिचा चेहरा उतरत गेला. मग तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मला ऐकू यावं म्हणून नसावं. हातात धरवेना म्हणून.

“राग मानू नकोस,” हॅमिल्टनच्या क्लिनिकमधली नर्स म्हणत होती, “पण विचारावं लागतं. इंजेक्शनं रोज घेतेयस ना?”

योलांदाने स्वेटर वर केला, जणू नर्सला दिसणारच होतं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना सात डाग. काही निळे, काही पिवळे पडत चाललेले. “सात,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी सहाला. एकही चुकलं नाही.”

“मग रक्तात काहीच कसं नाही गं? आज सकाळचं इस्ट्रोजेन एकशेतीस. सुई टोचलीच नाही असं वाटावं. सोनोग्राफीतही अंडाशय गप्प आहेत. डॉक्टर म्हणालेत, आजपासून इंजेक्शन बंद. शुक्रवारी अकराला ये. ते समोर बसून बोलतील.”

समोर बसून ते काय बोलणार हे आम्हाला ठाऊक होतं. योलांदा माझ्या भावाची, सीत्सेची, बायको. वय अडतीस. याआधी दोन वेळा हेच सगळं झालं होतं: आठ-दहा दिवस पोटात हार्मोनची इंजेक्शनं, बीज पिकलं की नेमक्या दिवशी सीत्सेचं वीर्य धुऊन बारीक नळीने गर्भाशयात. पहिल्या खेपेला बीज छान पिकलं, पण दिवस राहिले नाहीत. दुसऱ्या खेपेला बीजच जेमतेम. तेव्हा डॉक्टर पेट्राकिस म्हणाले होते, “आणखी एकदाच बघू. या वेळी अंडाशयांनी साथ दिली नाही, तर तुमच्या स्वतःच्या बीजावर मी पुढे उपचार करणार नाही. तुम्हाला खोटी आशा लावल्यासारखं होईल.”

योलांदाने फोन उपडा ठेवला. “संपलं,” ती म्हणाली. “माझ्याच अंगात काही उरलं नाही, इनेके.”

खुर्चीतल्या लोटीने, माझ्या दोन वर्षांच्या मुलीने, बिस्किट पुढे केलं. योलांदाने ते घेतलं, खाल्लं, आणि तिच्या गालावरून पाणी यायला लागलं.

मी तिला जवळ घेतलं, पण माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. औषधाचा कागद मी दोनदा वाचला होता. मी सगळेच कागद दोनदा वाचते. लोटी झाल्यापासून खोकल्याच्या गोळ्यांचेही वाचते. त्यात एक ओळ होती: गोठवू नये, गोठलेलं वापरू नये.

आणि ते इंजेक्शनांचं खोकं औषधांच्या दुकानातून मीच आणलं होतं. बारा तारखेला, उणे एकोणीस तापमानात. वाटेत लोटीला ओकारी झाली म्हणून तिला घेऊन पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहात गेले, आणि खोकं पंचवीस मिनिटं बंद गाडीत राहिलं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

२

“खोकं दाखवतेस?” मी तिला विचारलं.

“कशाला आता?”

“बघू तर दे.”

मधलं अंगण ओलांडून आम्ही मोठ्या घरात गेलो. सीत्से, योलांदा आणि बाबा तिथे राहतात. मी लोटीला घेऊन धाकट्या घरात, कारण माझा नवरा महिन्यातले वीस दिवस उत्तरेला खाणीवर असतो. बाबांना लोटी झाल्यापासून सगळे पाके म्हणतात. आमच्या मूळ फ्रिजियन भाषेत आजोबांना पाके म्हणतात. तोंडावर मी अजून बाबाच म्हणते.

फ्रीजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात ते खोकं होतं, कोपरे जरा फुगलेले. औषध भरलेली, सुई लावून टोचायची पाच पेनं आणली होती, प्रत्येक पेन तीन दिवसांचं. आत आता दोन न उघडलेली होती. मी ती खिडकीशी धरली. औषध पाण्यासारखं स्वच्छ. पण दोन्हींच्या काचेत वाटाण्याएवढा बुडबुडा. मग मी माहितीचा कागद बाहेर काढला, आणि तो करकरला. सगळा लाटालाटांचा झाला होता, भिजून वाळलेल्या वर्तमानपत्रासारखा.

“हा भिजला कसा?”

“काय माहीत. तिसऱ्यांदा कोण वाचतंय,” योलांदा म्हणाली. “लाइट गेले होते ना वादळात. फ्रीजला पाणी सुटलं असेल.”

वादळ आलं ते चौदा तारखेला, बुधवारी. पडता पडता गोठणारा पाऊस. तारा काचेच्या झाल्या आणि तुटल्या. योलांदा तेव्हा घरी नव्हती. आदल्याच दिवशी ती गॉडरिचला आईकडे गेली होती, आईचं खुब्याचं हाड मोडलंय म्हणून. रस्ते बंद झाले आणि ती तिकडे अडकली. शुक्रवारी परत आली.

म्हणजे फ्रीज बंद होता. पण उबेने ही पेनं बिघडत नाहीत. कागदावर लिहिलंच होतं, महिनाभर टेबलावर राहिली तरी चालतात. त्यांना मारते ती थंडी.

माझी पंचवीस मिनिटं पुन्हा आठवली. पण गाडीत कागद कसा भिजेल?

सीत्से गोठ्यात होता. संध्याकाळच्या धारेची तयारी चालली होती, आणि त्याला सगळं कळलेलं होतं हे त्याच्या मानेवरूनच दिसत होतं.

“वादळात घरात कोण कोण होतं?” मी विचारलं.

“पोलिसात लागलीस?”

“सांग ना.”

“बुधवारी दुपारी तीनला लाइट गेले, शुक्रवारी सकाळी सातला आले. ट्रॅक्टरवर जनरेटर लावला, तो गोठ्यापुरता. ऐंशी गाई आधी, माणसं मग. मी इथेच झोपलो, पेंढ्यावर. घरात त्रूस आत्या येऊन राहिली होती, तिच्या घरी लाकडाची चूल नाही म्हणून. पाके इकडे-तिकडे. मी फक्त सूप प्यायला आत गेलो, तेही बूट न काढता. त्यावरून आत्याने ऐकवलं, तुला माहितीय.”

“सीत्से, वाईट वाटेल असं विचारते. मागच्या शरदात तू म्हणाला होतास, पुरे आता.”

त्याने हातातला फडका बादलीत आपटला. “हो, म्हणालो. ती न्हाणीघरात नळ सोडून रडते आणि तिला वाटतं मला ऐकू येत नाही. म्हणून म्हणालो. त्यासाठी पेनं मोडीन मी? ती घरी असली की सुई टोचायला रोज सहाला मीच असतो तिच्यापाशी. तिचे हात कापतात.”

मागे वासरांच्या कुंपणापाशी बाबा बाटलीने एका वासराला पाजत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. हा विषय निघाला की ते असेच करतात. चाळीस वर्षं त्यांनी गाई फळवल्या. वळूच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या भरलेलं द्रव नायट्रोजनचं नळकांडं गाडीत टाकून वुडस्टॉक ते इंगरसोल प्रत्येक गोठ्यात जायचे. चर्चबाहेर अजून थट्टा चालते, की या भागातली अर्धी वासरं डाउवेची, म्हणजे बाबांची. पण सुनेच्या बाबतीत त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. तीही त्यांच्यासमोर विषय बदलते. मला ते कळतं. आपल्या उपचाराला गोठ्यातलं नाव मिळावं असं कुणाला वाटेल?

उरली त्रूस आत्या. आणि आत्याला हे उपचार मुळीच मान्य नव्हते.

३

बुधवारी सकाळी मी लोटीला घेऊन तिच्याकडे गेले. आत्याने दार उघडलं, लोटीच्या टोपीकडे बघितलं आणि म्हणाली, “कान उघडे आहेत पोरीचे. शिकलेल्या आया.”

कॉफी आली, सोबत एकच बिस्किट, आणि डबा लगेच बंद.

“आत्या, वादळात तू तिकडे होतीस. फ्रीज उघडला होतास?”

“उघडला म्हणजे? दोन दिवस बंद फ्रीज, त्यात मांस, दूध, कालचं सूप. कुणी करायचं ते? सीत्से चिखलाचे बूट घेऊन नाचतोय, डाउवे गोठ्यात. गुरुवारी सकाळी सगळा रिकामा केला, सोड्याने पुसला. लोणी बाहेर पायरीवर ठेवलं, ते तेवढं वाचलं.”

“लोण्याचा कप्पाही पुसलास?”

“कप्पा सोडून दार पुसतात का तुमच्या कॉलेजात?”

“त्यात योलांदाच्या इंजेक्शनांचं खोकं होतं.”

आत्याने कप खाली ठेवला. “असं होय. म्हणजे त्यासाठी आलीस. हे बघ इनेके, देव देतो तेव्हा देतो, त्यात नळ्या घालून लुडबुड करू नये, हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय. पाठीमागे काही करत नाही मी. मला ते खोकं दिसलं असतं तर मी म्हणाले असते, हे बाई उचल इथून, मला पुसायचंय.”

“दिसलं असतं तर?”

“नव्हतंच ते तिथे. कप्प्यात लोणी होतं, बाकी काही नाही.”

आत्या टोमणे मारते, लोकांच्या पोरांची पडसं मोजते, पण खोटं बोलणं तिला जमत नाही. नवा पाद्री आवडला नाही तर तेही त्यालाच सांगून आली होती.

गुरुवारी सकाळी खोकं कप्प्यात नव्हतं. शुक्रवारी दुपारी योलांदा आली तेव्हा होतं. मधल्या वेळात कुणीतरी ते नेलं होतं, आणि कुणाला न सांगता परत ठेवलं होतं.

४

गाडीत बसल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कुणी नेलं असेल, भिजवलं असेल, पण माझी पंचवीस मिनिटं तरीही होतीच. पेनं आधीच गोठलेली असतील तर नंतर कुणी काय केलं याला अर्थ नव्हता.

लोटी मागे बसून एकेक मोजा काढून खाली टाकत होती. मोजत होती: एक, दोन, आणि मग पुन्हा एक, कारण तिला तिसरा आकडा येत नाही. आणि मला पेनं मोजावीशी वाटली.

पाच आणली. प्रत्येकात तीन दिवसांचं औषध. पहिलं इंजेक्शन तेरा तारखेला, मंगळवारी. पण मंगळवारी योलांदा गॉडरिचला होती!

मी रस्त्याकडेला गाडी थांबवून तिला फोन लावला. “आईकडे जाताना पेन नेलं होतंस?”

“एक. पर्समध्ये. मंगळ, बुध, गुरू तेच वापरलं. शुक्रवारी घरी येऊन दुसरं उघडलं.”

“आणि शुक्रवारी रक्त दिलं होतंस ना?”

“दिलं. पण हॅमिल्टनचा रस्ता बंद होता, म्हणून येता येता वुडस्टॉकच्या लॅबमध्ये. ते क्लिनिकला पाठवतो म्हणाले.”

“पाठवलं?”

“नर्स काही बोलली नाही त्याबद्दल.”

“लॅबला फोन कर. आत्ता. मी थांबते.”

मी अकरा मिनिटं थांबले. लोटीला दोन्ही मोजे घातले, तिने दोन्ही काढले. मग फोन वाजला आणि योलांदाचा आवाज वेगळाच होता, कुजबुजल्यासारखा. “इनेके. सहाशे दहा.”

“शुक्रवारी?”

“शुक्रवारी सहाशे दहा. वादळामुळे त्यांची पाठवायची यंत्रणा बंद होती, रिपोर्ट तिथेच पडून राहिला. डॉक्टरांनी तो पाहिलाच नाही. आणि मंगळवारी एकशेतीस. असं कसं खाली येईल?”

असं एकाच प्रकारे येईल. पहिल्या पेनने तिचं अंडाशय जागं झालं होतं, चांगलं जागं झालं होतं. दुसरं पेन उघडल्या दिवसापासून ते उपाशी राहिलं. थकलेलं शरीर आधीपासूनच थकलेलं असतं. ते नेमकं पेन बदलल्याच्या दिवशी थकत नाही. आणि ते पहिलं पेनही माझ्याच गाडीत, त्याच खोक्यात, तीच पंचवीस मिनिटं होतं. ते चांगलं निघालं, म्हणजे माझ्या गाडीत काही बिघडलं नव्हतं.

मी तिला तेव्हाच सगळं सांगून टाकलं, पेट्रोल पंपासकट.

“वेडी आहेस तू,” ती म्हणाली. “एवढंच ना.” मग जरा थांबून: “मग उरलेली चार कुणी मारली?”

५

गुरुवारी सकाळी मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले, लोटी कडेवर. दोन्ही घरं काळोखात होती तेव्हा या आवारात वीज कुठे होती? फक्त गोठ्यात. कुणी औषध उचललं असेल तर नासवायला कशाला उचलेल? नासवायचं असतं तर ते शेकोटीत गेलं असतं. ते परत आलं, जपून, त्याच कप्प्यात. ज्याने नेलं त्याला ते वाचवायचं होतं.

दुधाच्या खोलीत दुधाची मोठी टाकी गुणगुणत होती. कोपऱ्यात जनावरांच्या औषधांचा छोटा फ्रीज. तो उघडला, तर खचाखच भरलेला. पेनं काय, एक बाटली शिरली नसती. आणि त्याच्या शेजारी लांबट पांढरा फ्रीजर, चिकाचा. गाय व्याली की पहिला चीक पिशव्यांत भरून त्यात गोठवतात. ज्या वासराच्या आईला चीक कमी, त्याच्यासाठी मग एक पिशवी काढायची आणि कोमट पाण्यात बुडवून पातळ करायची.

कोमट पाण्यात बुडवून. मला कागदाच्या लाटा आठवल्या.

फ्रीजरच्या झाकणाला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधलेला असतो. काय आत ठेवलं, काय काढलं, सगळं पेन्सिलीने त्यावर. बाबांची जुनी सवय. नोंद न करता त्यांच्या हातून काही थंडीत जात नाही की थंडीतून बाहेर येत नाही. सीत्से तिकडे ढुंकूनही बघत नाही. मी पुठ्ठा उजेडात धरला.

ग्रेटा, दोन पिशव्या. ट्यूलिप, तीन. सोफी, एक, फाटकी, आधी वापरणे.

आणि त्याखाली, त्याच नीटस अक्षरात: योलांदा, चार नग. आत: चौदा जाने., दुपारी चार. बाहेर: सोळा जाने., सकाळी आठ.

“खालच्या बाजूला ठेवली होती,” मागून आवाज आला. “चिकाला लागू नयेत म्हणून.”

बाबा दारात उभे होते, हातात रिकामी दुधाची बाटली. ओशाळले होते, पण घाबरलेले नव्हते. उलट चेहऱ्यावर जरासं समाधानच होतं, चोरून केलेलं चांगलं काम पकडलं गेल्याचं.

“बाबा, तुम्ही नेली?”

“लाइट गेले तेव्हा मी आत होतो. खोक्यावर लिहिलंय, थंड ठेवा. फ्रीज तर गेला. म्हटलं, पोरीचं एवढं औषध, तिला कोण सांगणार खराब झालं म्हणून? आधी नळकांड्यात घालून बघितली, नायट्रोजनमध्ये. तिथे वळूची कांडी तीस वर्षं जशीच्या तशी राहते. पण पेनं जाड, मावेनात. मग इथे ठेवली.” त्यांनी फ्रीजरवर थाप मारली. “आणि काढताना घाई केली नाही हां. पस्तीस अंशाचं पाणी, थर्मामीटर लावून. खोक्यासकटच आधी बुडवली, मग वाटलं आतलं नीट पातळ होईना, म्हणून एकेक काढून. पुसून, वाळवून, होती तशी ठेवली.”

लोटी “पाके, पाके” करत त्यांच्याकडे झेपावली आणि त्यांनी तिला घेतलं.

“का गं?” ते म्हणाले. “काय झालं?”

“बाबा, ती गोठवायची नसतात.”

“फळवायचं औषध आहे ना?”

“हो. पण कांडी नाही ती. हे गोठलं की मरतं, काचेत नुसते बुडबुडे राहतात. कागदावर लिहिलंय.”

“खोक्यावर नव्हतं.”

“होतं. दुकानदाराने तिच्या नावाची चिठ्ठी बरोबर त्या ओळीवर चिकटवलीय.”

बाबा पालथ्या बादलीवर बसले. लोटी त्यांच्या गुडघ्यावर, त्यांच्या जाकिटाच्या बटणाशी खेळत.

“म्हणजे मंगळवारी ती रडत घरी आली,” ते म्हणाले, “ते माझ्यामुळे.”

“तुम्ही सांगितलं का नाही, बाबा? एका शब्दाने?”

“कसं सांगू? तिच्या त्या औषधाला मी हात लावला, असं सुनेला कसं सांगायचं? मी खोलीत आलो की ती कागद झाकते. बरोबरच आहे. मी कोण? गाईंचा माणूस.” त्यांनी लोटीची बोटं बटणावरून सोडवली. “चाळीस वर्षांत माझ्या हातून एक कांडी वाया गेली नाही, इनेके. एक नाही.”

“उद्या अकराला डॉक्टर तिला नाही म्हणणार आहेत, बाबा. शरीर साथ देत नाही म्हणून. तिला आज सांगावं लागेल.”

ते उठले. लोटीला माझ्याकडे दिलं. खिशातला चाकू काढून पुठ्ठ्याचा दोरा कापला.

“मी सांगतो,” ते म्हणाले.

६

आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी अंगणात होते. पाच मिनिटांनी बाबा बाहेर आले आणि सरळ गोठ्यात गेले. योलांदा तासभर बाहेर आली नाही. मग आली तेव्हा तिच्या अंगात कोट नव्हता, आणि ती रागावलेली होती; पण कुणावर ते तिलाही ठरवता येत नसावं.

“पेनं पस्तीस अंशाच्या पाण्यात!” ती म्हणाली. “थर्मामीटर लावून, इनेके! मी वासरू आहे का?” आणि तिला हसू आलं, आणि ते येऊ नये म्हणून तिने ओठ दाबले, आणि ते तरीही आलं. हसता हसता तिने डोळे पुसले. “उद्या त्यांना पण घेऊन चल. डॉक्टरला माझं खरं वाटणार नाही.”

शुक्रवारी सीत्सेला गोठा सोडता येईना. एक गाय व्यायला आली होती. मी गाडी चालवली, योलांदा पुढे, मागे लोटी आणि बाबा. बाबांनी चर्चचा कोट घातला होता आणि पुठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरला होता.

डॉक्टर पेट्राकिसांनी आधी दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. सहाशे दहा. एकशेतीस. मग चष्मा काढला. “हा पहिला माझ्याकडे नव्हता.”

“वादळात अडकला होता,” योलांदा म्हणाली.

“पण मधे काय झालं?”

बाबांनी वर्तमानपत्र उलगडलं आणि पुठ्ठा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी वाचायला सुरुवात केली. ग्रेटापाशी त्यांच्या भुवया वर गेल्या, ट्यूलिपपाशी ते खुर्चीत पुढे सरकले. चौथ्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं.

“ही नोंद कुणाची?”

“माझी,” बाबा उभे राहत म्हणाले. “चार नग, चाळीस तास, उणे अठरा. मी गोठवली. माझी चूक आहे. हिच्या शरीराची नाही. ते तिथे लिहून घ्या, डॉक्टर.”

“बसा, बसा.”

“लिहून घ्या आधी.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. खरोखर लिहिलं, आम्ही बघत असताना. आणि योलांदाच्या फाइलमधली आधीची एक ओळ खोडली. “ही खेप मी मोजत नाही,” ते तिला म्हणाले. “तीन दिवसांच्या औषधावर सहाशे दहा म्हणजे दार बंद झालेलं नाही. खात्री मी देत नाही. कधीच देत नाही. पण पाळी आली की फोन करा, नवी पेनं लिहून देतो.” मग बाबांकडे वळून, अगदी गंभीरपणे: “आणि ती टेबलावर ठेवा. नुसती टेबलावर.”

परतताना रस्ता कोरडा होता. लोटी झोपली होती, तिचं डोकं बाबांच्या कोटावर. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता हे दोघं पुन्हा गप्प होतील, पुढची सगळी वर्षं.

इंगरसोलच्या अलीकडे योलांदा सीटवरून मागे वळली.

“पाके, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही एखादी गाय फळवलीत, आणि ती उलटली. राहिलीच नाही गाभण. मग काय करायचात?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आरशात मला त्यांचे कान लाल झालेले दिसत होते. पण या प्रश्नाचं उत्तर त्यांना पूर्ण येत होतं.

“वाट बघायचो,” ते म्हणाले. “गाईला दोष द्यायचा नाही. मालक देतात, पण आपण द्यायचा नाही. एकवीस दिवस, पुढच्या माजापर्यंत, थांबायचं, आणि बूट धुऊन परत त्याच गोठ्यात जायचं.”

“आमचे अठ्ठावीस असतात, पाके.”

“चालेल,” बाबा म्हणाले. “मला कुठे जायचंय.”